आंधळगावची बोटवाली

"लिंबू नेऊ नका," रुखमाबाई सांगत होत्या. "सगळेच लिंबू नेतात. मंग खाली बंकात, एकाच खोलीत, दोनशे मानसं लिंबू हुंगत बसतात, अना दोनशेच्या दोनशे ओकतात. चार दिवसांनी लिंबू दिसलं का पोटातलं वर येते. घरी आल्यावर वरनात पिळता येत नाई, एवढा त्याचा वीट येते."

समोर ओट्यावर आसगावचे केशवराव बसले होते. त्यांच्या धाकट्या भावाला अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, सरकारी नोकरी लागली होती. महिन्याभरात त्याला बायकोला घेऊन कलकत्त्याहून बोटीत बसायचं होतं. घरात कोणी वैनगंगेच्या डोंग्यापलीकडे पाण्यावर बसलेलं नव्हतं, म्हणून केशवराव एसटी बदलत आंधळगावला आले होते. 'लिंबू नाही' असं त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"मंग न्याचं काय, काकू?"

"फुटाने न्या. मुरमुरे न्या. जवसाची चटनी, कोरडी. पहिल्या दिवशी बोट नदीतूनच चालते, तवा पोटभर जेवून घ्या. पानी गढूळ हाय तवर भेव नाई. मंग ते हिरवं होते, मंग काळं. काळं झालं का जेवन बंद. फुटाने चावत वर जाऊन बसाचं, अना दूर आभाळ टेकते ना, त्या रेघीकडे पाहाचं. खाली पाहाचं नाई, जवळ पाहाचं नाई, दुसऱ्याच्या तोंडाकडे त बिलकुल पाहाचं नाई."

ही १९७५ सालची गोष्ट. मी आदल्या वर्षी तुमसरहून आंधळगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते आणि रुखमाबाई सोनकुसऱ्यांच्या घरी समोरच्या खोलीत राहत होते. मधल्या खोलीत त्यांच्या यजमानांचा, जागेश्वरभाऊंचा, माग होता. ते कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, शेले विणायचे. दिवसभर धोट्याची खटखट चालायची, आणि रुखमाबाई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता बोटीबद्दल बोलायच्या. तोवर त्या तीनदा जाऊन तीनदा परत आल्या होत्या. गावात त्यांना बोटवालीच म्हणायचे, आणि मोहाडी-पवनीकडून कोणाला तिकडे जायचं असलं की लोक त्यांचं घर विचारत यायचे.

त्यांची मतं ठाम असायची. खालची फळी मागायची, वरची नाही, आणि तीही बोटीच्या मधातली. पुढच्या टोकाला झोपलं तर पाळणा, मागच्या टोकाला झोपलं तर इंजिनाची घरघर. गोडं पाणी सकाळी तासभरच येतं, त्या आधी बादली घेऊन उभं राहायचं. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून बेसन न्यायचं. शिडी चढायला लुगड्याचा काष्टाच बरा, पाचवारी साडीच्या बाया पायात पाय अडकून पडतात. तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. बोट पाच तारखेची म्हणतात आणि बारा तारखेला सुटते, म्हणून कलकत्त्यात आठ दिवस पुरेल एवढं पीठ वेगळं बांधून न्यायचं. आणि ओळख करायची ती साहेबांशी नाही, सैपाक्याशी.

या सैपाक्याची गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या. १९७१ साली त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा जागेश्वरभाऊ बरोबर होते. नदी संपून समुद्र लागला आणि भाऊ आडवे झाले ते चौथ्या दिवशी पोर्ट ब्लेअर आल्यावरच उठले. बाई एकट्याच गरम पाण्यासाठी बोटभर हिंडत होत्या. कोणी खलाशी म्हणाला, "भंडारी से माँगो." बाईंना वाटलं, आपल्या भंडाऱ्याचा कोणीतरी माणूस इथं आहे. त्या आनंदाने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, "काहो, भंडाऱ्याच्या कोन्या गावचे तुमी?" आतला म्हातारा चटगावकडचा होता. बोटीवर सैपाक्यालाच भंडारी म्हणतात हे त्याने हिंदीत समजावलं, पण गाव विचारत आलेल्या या बाईला त्याने गरम पाण्याबरोबर भाताची पेजही दिली. पुढे प्रत्येक खेपेला तो भेटायचा. भाऊंनी मात्र परत आल्यावर मागावर बसून शपथ घेतली, की आता मेलो तरी त्या पाण्यावर जाणार नाही.

त्या जायच्या त्यांच्या लेकीसाठी. तुळसा त्यांची एकुलती एक मुलगी. तुलाराम मॅट्रिक झालेला, पोर्ट ब्लेअरला बांधकाम खात्यात कारकून, म्हणून अडुसष्ट साली तिला दिली. पाहुणे म्हणाले, एवढ्या दूर? पण मुलगा चांगला होता आणि खरोखरच चांगला निघाला. सत्तर साली चंद्रकांता झाली. तिला पाहायला ही पहिली खेप. त्र्याहत्तरमध्ये दुसऱ्या बाळंतपणासाठी रुखमाबाई निघाल्या, तेव्हा कलकत्त्यात बोटीसाठी अकरा दिवस थांबावं लागलं. पोचल्या तोवर मूल जन्मून, जाऊन आठवडा झाला होता. पंचाहत्तरमध्ये त्या दोन महिने आधीच गेल्या. मूल त्यांच्याच हातात आलं, तीन दिवस राहिलं आणि गेलं.

केशवराव वहीत लिहून घेत होते ते या तिसऱ्या खेपेहून परत आल्यावर दीड महिन्याने. मला तेव्हा नवल वाटायचं, की ही बाई एवढ्या उत्साहाने फुटाण्यांबद्दल कशी बोलू शकते. एकदा मी तसं बोलूनही गेले.

"पोरीचं मले काई करता येत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "बोटीतलं येते. जे येते ते सांगतो."

शहात्तरच्या दिवाळीनंतर तुलारामचं पत्र आलं. पत्रं मीच वाचून दाखवायची. तुळसाला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशीला टेकून बसावं लागतं, असं त्यात होतं. रुखमाबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. जागेश्वरभाऊंनी धोटा थांबवला.

"लहानपनी तिचे गुडगे सुजत होते," बाई म्हणाल्या. "ताप येत जाय. आपन एरंडीचा पाला बांधला होता, आठवते?"

"आठवते ना," भाऊ म्हणाले.

रुखमाबाई डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला गेल्या. पुढचं मी पाहिलेलं नाही. पुढच्या दोन वर्षांत, कांड्या भरता भरता, कधी एक वाक्य तर कधी तासभर, असं त्यांनी मला ते सांगितलं.

तिथल्या डॉक्टरने तुळसाला तपासून सांगितलं, की लहानपणीच्या त्या गुडघेदुखीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. प्रत्येक बाळंतपणात ती जास्त बिघडत गेली. इलाज मोठ्या शहरातच होईल, कलकत्त्याला किंवा नागपूरला. जायचं ते लवकर. विमानं आठवड्यातून थोडीच यायची, आणि जागा मिळायला तीन आठवडे लागणार होते. बोट सहा दिवसांनी होती. तुलाराम म्हणत होता, विमानाची वाट पाहू. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंनी धोका आहे, तुम्ही ठरवा.

"मी बोलली," रुखमाबाई सांगायच्या. "मी म्हनलं, जवाईबापू, तीन आठवडे कायले बसाचं? मी नेतो तिले. बोट मले पाठ हाय."

तुलारामला रजा मिळाली नाही. सहा वर्षांच्या चंद्रकांताला शेजारणीकडे ठेवून तो धक्क्यावर पोचवायला आला. त्याने तुळसाला उचलून शिडीवरून आत नेलं. खालच्या बंकात हवा नव्हती, आणि तुळसाला आडवं होता येत नव्हतं. रुखमाबाई सरळ भंडाऱ्याकडे गेल्या. म्हाताऱ्याने दोन खलाशांना सांगून वरच्या डेकवर, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, जिथे भिंत गरम असायची आणि वारा अंगावर यायचा नाही, तिथे जागा करून दिली. गादी, मागे पेटी, पेटीवर दोन उशा. तुळसा तिथे टेकून बसली. बोटीवरचा डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचा, सुई द्यायचा, गोळी द्यायचा.

पहिले तीन दिवस बरे गेले. समुद्र शांत होता. बाई तिला पेज भरवायच्या, गोड्या पाण्याने तोंड पुसून द्यायच्या. त्यांना जे जे माहीत होतं ते सगळं कामी येत होतं. आजूबाजूचे लोक कौतुकाने बघायचे. एक बंगाली कंपाउंडर, सुट्टीवर घरी चाललेला, म्हणाला, "माँजी, आप तो पूरा जहाज चलाती हैं." तुळसा हसली. हसल्यावर तिला खोकला आला आणि रुमालावर गुलाबी फेस पडला. बाईंनी तो रुमाल समुद्रात टाकून दिला.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी काळ्याचं हिरवं झालं आणि मग गढूळ. बाई म्हणाल्या, "तुळसे, नदी लागली व. आता उद्या सकाळी कलकत्ता."

दुपारी बोट थांबली.

नदीच्या तोंडाशी धुकं होतं. आधी ते दूर होतं, पांढऱ्या भिंतीसारखं, मग ते बोटीवर आलं आणि डेकच्या कठड्यापलीकडचं काही दिसेनासं झालं. बोटीने भोंगा वाजवला. कुठून तरी दुसऱ्या भोंग्याचं उत्तर आलं. नांगराची साखळी खडखडत खाली गेली.

बाईंनी खलाशाला विचारलं, "किती टाइम?"

"धुंध उठेगी, फिर पानी चढ़ेगा, तब," तो म्हणाला.

नदीतली वाळू सारखी जागा बदलते, त्यामुळे वाट दाखवणारा पायलट चढल्याशिवाय बोट आत जाऊ शकत नाही. पायलटला दिसायला हवं, आणि भरतीही हवी, हे बाईंना माहीत होतं. आधीच्या तिन्ही खेपांना त्या यावर लोकांची समजूत घालत आल्या होत्या, की घाबरू नका, असं होतं, थोडं थांबावं लागतं. आता कंपाउंडर त्यांना तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं तेव्हा ओहोटी होती. भरती आली तेव्हा धुकं परत उतरलं. तुळसाचा श्वास आता ऐकू येत होता, भांड्यात पाणी उकळतं तसा. बोटीवरचा डॉक्टर तिच्याजवळून हलत नव्हता. प्राणवायूचा एक सिलिंडर होता, तो त्याने दिला. तो संपला.

त्या दुपारी धुकं पातळ झालं आणि एक छोटी लाँच बोटीला येऊन लागली. तिच्यातून पायलट वर चढला. रुखमाबाई कठड्याशी धावल्या. खाली लाँचमध्ये एक माणूस दोरी सोडत होता.

"ओ भैया!" त्या ओरडल्या. "माह्या लेकीले घेऊन जा! किनाऱ्याले नेऊन सोडा, मंग आमी आमचं पाहू!"

त्याला मराठी कळलं नाही. कंपाउंडरने बंगालीत सांगितलं. त्या माणसाने वर पाहिलं, हात जोडले आणि काही बोलला.

"काय म्हनते?"

कंपाउंडर म्हणाला, "माँजी, यह लाँच किनारे नहीं जाती. पायलट लोगों का बड़ा जहाज समुंदर में खड़ा है, वहीं वापस जाएगी. वहाँ डॉक्टर भी नहीं है."

"मंग किनाऱ्याले कोन जाते?"

"यही जहाज," तो म्हणाला. "हम लोग."

लाँच निघून गेली. रुखमाबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मला त्या म्हणाल्या, "मले वाटलं का पान्यात उतरून चालत जावं. एवढी जवळ होती जमीन. ओट्यावरून समोरचं घर दिसते तशी."

बोट निघाली. तासाभराने नदीच्या वळणावर धुकं पुन्हा खाली आलं आणि पुन्हा नांगर पडला. बाई बोटीच्या कप्तानापर्यंत गेल्या. अनवाणी, लुगड्याचा काष्टा मारलेली ती बाई त्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, चालू द्या." तो माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली. त्याने आपल्या काचेतून बाहेर दाखवलं. काचेपलीकडे नुसतं पांढरं होतं. "मेरे नीचे छह सौ आदमी हैं," तो म्हणाला. "रेत पर चढ़ गया तो कोई नहीं बचेगा." बाईंना ते पटलं. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग होता, की पटलं.

तिसऱ्या सकाळी तुळसाने डोळे उघडले. भंडाऱ्याने ताजी पेज आणली होती, तिने घेतली नाही.

"माय," ती म्हणाली, "आली का नदी?"

"आली, माय. नदीतच आहोन आपन."

"कोनती?"

बाईंनी सांगितलं, गंगा. मग धुकं जरा विरळ झालं म्हणून त्यांनी तिचं तोंड काठाकडे वळवलं. काठ खरोखर दिसला. एक बाई भांडी घासत होती, पाण्याशी दोन गाई उभ्या होत्या. तुळसाने पाहिलं की नाही ते बाईंना सांगता यायचं नाही. डॉक्टरने नाडी धरली होती. थोड्या वेळाने त्याने हात खाली ठेवला.

दोन तासांनी धुकं गेलं आणि बोट चालू लागली. संध्याकाळी कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीत लागली.

कंपाउंडर घरी गेला नाही. दोन दिवस तो बाईंबरोबर राहिला. डॉक्टरचा दाखला, पोलीस, घाट, सगळं त्याने केलं. अग्नी कोणी द्यायचा असं घाटावर विचारलं, तेव्हा बाईंनी स्वतः पुढे होऊन दिला. भंडारीही घाटावर आला होता, भिंतीला टेकून रडत होता. त्याच कंपाउंडरने आंधळगावला तार केली.

तार शाळेत आली, कारण इंग्रजी वाचायला मीच होते. वर्ग सोडून मी घरी गेले. जागेश्वरभाऊ मागावर होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "काहून लवकर आल्या, बाई? पोचल्या वाटते कलकत्त्याले?"

मी तारेचा कागद हातात धरून उभी राहिले. काय बोलले ते मला आठवत नाही. भाऊ उठले नाहीत. त्यांनी अर्ध्या विणलेल्या शेल्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "तिले आनायले कोन जाईन? तुळसाच्या मायले. मी जातो. गाडीनं जाता येते ना कलकत्त्याले? पानी नाई ना मधात?"

ते वरठीला स्टेशनवर गेले, पण हावड्याच्या गाडीत बसण्याआधीच दुसऱ्या बाजूच्या गाडीतून रुखमाबाई उतरल्या. हातात तुळसाची पेटी होती. दोघं फलाटावर समोरासमोर आले, असं स्टेशनवरच्या लोकांनी नंतर सांगितलं. भाऊंनी पेटी घेतली.

त्यानंतर कित्येक महिने बाई बोटीचं नाव काढत नसत. कोणी विचारायला आलं तर मी त्यांना परत पाठवायची. रुखमाबाई कांड्या भरायच्या आणि मधेच थांबून म्हणायच्या, "इमानाची वाट पाहिली असती त?" मी म्हणायची, डॉक्टरच म्हणाले होते ना, दोन्हीकडे धोका. "हो," त्या म्हणायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

अठ्ठ्याहत्तर साली तुलारामने दुसरं लग्न केलं. त्याने आधी पत्र लिहून विचारलं होतं. बाईंनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं, की करा, पोरीला कोणी पाहिजे. आणि मग एकोणऐंशीत, सगळ्यांनी नको म्हणूनही, त्या पुन्हा बोटीत बसल्या. नात पाहायला.

दोन महिन्यांनी परत आल्या. मी विचारलं, "कशी आहे सावत्र आई?"

"निर्मला नाव हाय," त्या म्हणाल्या. "चांगली हाय, बाई. पोरीची वेनी घालते. माह्या ताटात आधी वाढत जाय. तुळसाचा फोटो तिनंच भिंतीले लावला हाय. भांडायले मले काईच भेटलं नाई."

चंद्रकांता तिला आई म्हणत होती आणि बाईंना नानी. मराठी विसरत चालली होती. एक्क्याऐंशीत गेल्या तेव्हा बाईंनी जावयाला विचारलं, की पोरीला आंधळगावला नेऊ का. तो म्हणाला, परीक्षा होऊ द्या. त्र्याऐंशीत खरोखरच घेऊन आल्या. तेरा वर्षांची, उंच, सावळी पोर. तुळसासारखी अजिबात दिसत नव्हती. मे महिना होता. भंडारा जिल्ह्यातलं ऊन तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर घामोळं उठलं, नाकातून रक्त आलं. जागेश्वरभाऊंनी तिच्यासाठी कोशाचा दुपट्टा विणला. ती माग बघत तासनतास बसायची, पण रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन मला विचारायची, "मैडम, यहाँ से समुंदर कितनी दूर है?"

एकवीस दिवसांनी ती जेवेनाशी झाली. बाई म्हणाल्या, "चाल, सोडून देतो तुले." आणि जूनच्या पावसाळी समुद्रातून, जेव्हा बोट सगळ्यात जास्त हलते, त्या तिला परत सोडून आल्या. त्या खेपेत म्हणे आख्खा बंक आजारी होता आणि चंद्रकांता एकटी नाचत होती. "तिले काईच होत नाई," बाई सांगायच्या. त्यात अभिमान होता की आणखी काही, मला कळलं नाही.

लोक पुन्हा विचारायला येऊ लागले होते. बाई सांगायच्या, पूर्वीसारखंच सगळं: फुटाणे, खालची फळी, बेसन. फक्त एक नवीन सांगायच्या, तेही बायांना बाजूला घेऊन: "आजारी मानसाले बोटीत बसवू नका. थांबाचं असंन तितकं थांबा, पन बसवू नका." कोणी विचारलं की थांबूनही काही झालं तर, तर त्या म्हणायच्या, "ते मले माहीत नाई."

पंच्याऐंशीत त्या गेल्या, सत्त्याऐंशीत गेल्या. दहा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला त्यांना शिडी चढता येत नव्हती. दोघांनी बखोट्याला धरून वर नेलं. भंडारी केव्हाच निवृत्त होऊन गेला होता, नवीन पोरगा गरम पाणी मागितलं की काउंटरकडे बोट दाखवायचा. पोर्ट ब्लेअरला चंद्रकांता कॉलेजात होती आणि दिवसभर बाहेर. बाई निर्मलाबरोबर भाजी निवडत बसायच्या. निघताना नातीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नानी, अब इतना मत आया करो, तकलीफ़ होती है." ती प्रेमानेच म्हणाली होती. बाईंनी मला तेही सांगितलं, की प्रेमानेच म्हणाली.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत तिचं पत्र आलं, हिंदीत. मी ओट्यावर बसून वाचलं. बाईंना आता डोळ्यांनी कमी दिसत होतं, त्या माझ्या जवळ सरकून बसल्या. चंद्रकांताचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिथलाच, बंगाली घरातला, शाळेत नोकरी. तारीख याच महिन्याची बारा. आजी-आजोबांनी यावं, असं तिने लिहिलं होतं, आणि खाली तुलारामच्या हातच्या दोन ओळी होत्या.

"आज कोनती तारीख, बाई?"

"सोळा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आतून धोट्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

"लग्नाच्या दिवशी पोरी जेवत नाईत," त्या म्हणाल्या. "निर्मलेनं चारलं असंन ना तिले काई?"

"चारलं असेल."

"हो. चारलं असंन."

मी कागद घेतला आणि विचारलं, काय लिहू. समोरून सायकलवर कोणी गेलं, त्याने हाक मारली, त्यांना ऐकू गेलं नाही.

"लिहा का चिठ्ठी भेटली," त्या म्हणाल्या. "आमी दोघं बरे आहोन. म्हातारा अजून विनते. आशीर्वाद लिहा."

"आणि?"

"अजून काय लिहू, बाई? झालं ना लगन."

मी तेवढंच लिहिलं. पत्ता घातला. डाकेची वेळ चारची होती, म्हणून लगेच निघाले.